फेरफार

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले म्हणजे, लाकडाच्या वखारी संपतात आणि संत्र्याच्या बागा अजून सुरू व्हायच्या असतात अशा मधल्या टापूत, पत्र्याच्या छपराचे एक दुरुस्तीचे दुकान लागते. आणि यंदाच्या पौषात, हाताखालचे पोरगे बहिरमच्या जत्रेला गेल्यामुळे मिस्त्री एकटाच असताना, त्या दुकानाच्या जमिनीवर अंथरलेल्या गोणपाटाशी बसून माझ्या दोन स्नेह्यांनी सबंध एक दुपार जो वाद घातला, तो माझ्या मनातून अजून गेलेला नाही. गोणपाटावर १९६८ साली म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून बाहेर पडलेली एक मोटारसायकल सुटी करून मांडली होती. सांगाडा भिंतीला टेकवलेला होता, टाकी आणि दोन्ही बाजूंचे दोन सायलेन्सर खाटेवर होते, आणि ब्लॉक, हेड, पिस्टन, क्रँक, गिअरच्या चकत्या असा सारा सरंजाम रॉकेलने धुऊन, ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने, ओळीने ठेवला होता.

वाद घालणारे दोघे म्हणजे काका आणि त्यांचा पुतण्या. काकांची सारी उमर तलाठ्याच्या दप्तरात गेली; पुतण्या पुण्यास एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढतो. गाडी काकांच्या थोरल्या भावाची, म्हणजे पुतण्याच्या वडिलांची. मेळघाटातल्या एका शाळेवर शिक्षक असलेल्या त्या गृहस्थांनी ती १९७६ साली दुसऱ्याकडून विकत घेतली, सोमवारी पहाटे घाट चढून जावे आणि शनिवारी उतरून यावे असा क्रम वीस-बावीस वर्षे चालवला, आणि ते गेल्यावर गाडी अचलपूरच्या घरामागे गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांआड, उभी राहिली ती अगदी परवापर्यंत. आर. सी. बुकावर नाव अजूनही त्यांचेच, म्हणजे दादांचेच, आहे.

काका म्हणाले, "माझी मागणी एवढीच आहे, की ही म्हैसूरहून ज्या रूपात निघाली त्या रूपात पुन्हा उभी राहावी. रंग तोच लालसर तपकिरी, टाकीच्या बाजूंना तीच चकाकी, ६ व्होल्टचा तोच डायनामो, तेच प्लॅटिनम पॉइंट. प्राग शहरात यानेचेक नावाच्या माणसाने १९२९ साली वांडरर कंपनीची मोटारसायकल घेऊन स्वतःच्या आणि तिच्या नावांची आद्याक्षरे जोडून जावा हे नाव सिद्ध केले, १९६०-६१ च्या सुमारास इराणी मंडळींनी ती विद्या म्हैसूरला आणली, पुढे तिचेच येझदी झाले, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. कारखाना गेला, कामगार पांगले. आता त्या विद्येची साक्ष द्यायला या गाड्या तेवढ्या उरल्या आहेत. वस्तू हा दस्तऐवज असतो, बाबू. दस्तऐवजात आपल्या सोयीने अक्षर बदलायचे नसते."

पुतण्याने ताबडतोब हरकत घेतली. "काका, दस्तऐवज कपाटात ठेवायचा असतो, गाडी चालवायची असते. मला हिला पुन्हा घाटात न्यायचे आहे. त्यासाठी १२ व्होल्टची विद्युत्‌व्यवस्था हवी, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक ठिणगी हवी, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक हवा. आणि खरे सांगू, तर ब्लॉकची पोर्टे थोडी घासून, दोन सायलेन्सरांच्या जागी एक नीट हिशेबाने बांधलेला सायलेन्सर बसवला, तर हीच २५० सीसीची गाडी तुम्हांला ओळखू येणार नाही."

"ओळखू येणार नाही, हेच तर माझे दुःख आहे," काका म्हणाले.

येथे, या यंत्राशी परिचय नसलेल्या वाचकासाठी, वादाचा ओघ क्षणभर थांबवून थोडे सांगणे प्राप्त आहे. आजच्या बहुतेक गाड्यांचे इंजिन चार धावांत जे काम करते, ते हे इंजिन दोन धावांत उरकते. त्याला झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही, ब्लॉकच्या भिंतीत कोरलेली दारे आहेत आणि त्या दारांची उघडझाप करणारा द्वारपाल म्हणजे खुद्द पिस्टन. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या पोटाखालच्या क्रँकच्या कोठडीत पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण ओढले जाते. खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या मार्गांनी वर चढते आणि जळून गेलेल्या धुराला पुढच्या दाराने बाहेर ढकलते. इंग्लंडातल्या बाथ गावी जोझेफ डे याने १८९१ मध्ये ही युक्ती साधली. या ढकलाढकलीत थोडे कोरे मिश्रणही धुराबरोबर निसटते. या इंजिनाचा जो विशिष्ट वास आणि जो धूर, त्याचे एक कारण हे, आणि नव्वदीनंतरच्या प्रदूषणाच्या नियमांपुढे हे कुल मागे हटले त्याचेही कारण हेच. क्रँकच्या कोठडीत मिश्रण खेळायचे असल्यामुळे तेथे वंगणाचा साठा ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, लिटरमागे ४० मिलिलिटर. पंपावर टाकीचे झाकण उघडून आधी माप भरून तेल आणि मग पेट्रोल ओतणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला त्या मापाची टिचकी अजून ऐकू येत असेल.

मिस्त्रीने तोवर ब्लॉक उचलून दाराच्या उजेडाकडे धरला होता. आतली भिंत बोरीच्या बीएवढ्या जागी ओरखडली होती, बाकी आरशासारखी. त्याने तर्जनी आत घालून धूर जाण्याच्या दाराची वरची कड चाचपली आणि पुतण्याला म्हणाला, "भाऊ, हे कड पाहा. बोर मारून देतो, एक साईज मोठा पिस्टन टाकून देतो. पण हे पोर्ट एकडाव वर घासलं का मंग वापस भरता येत नाई. बाकी काईबी करा, नट काढला का जुनं बसते."

त्या एका वाक्यात त्या दुपारचा सारा निवाडा सामावला होता. पण तो ओळखायला आम्हां तिघांना पुढे दोन तास लागले.

पुतण्या इतक्या सहज नमणारा नव्हता. तो म्हणाला, "पोर्ट घासणे हा काही अडाण्यांचा उद्योग नाही. पूर्व जर्मनीत एमझेडच्या कारखान्यात वाल्टर काडेन नावाच्या अभियंत्याने सायलेन्सरमधून परत येणाऱ्या ध्वनिलहरींचा अभ्यास करून, निसटणारे कोरे मिश्रण त्याच लहरीने परत सिलिंडरात लोटण्याची किमया केली, आणि १९६१ साली १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली. त्यांचा स्वार त्याच वर्षी देश सोडून सुझुकीकडे गेला आणि ती विद्या जपानात पोहोचली. आपल्याकडे १९८५ पासून ज्या आरएक्स १०० वर एक सबंध पिढी भाळली, तिच्या ९८ सीसीतून ११ अश्वशक्ती निघत. आणि आपली ही अडीचपट मोठी जावा १२ वर थांबते. दादांच्या गाडीला ती विद्या द्यावी, यात दादांचा अपमान तो कसला?"

"अपमान नव्हे, गैरसोय," काका म्हणाले, आणि मला त्यांचे कौतुक वाटले, कारण आतापर्यंत ते भावनेच्या भाषेत बोलत होते आणि आता यंत्राच्या भाषेत बोलू लागले. "धुराचे दार वर नेले म्हणजे ते लवकर उघडते. मग जोर कोठे मिळतो? वरच्या फेऱ्यांत. घाटात, मागे माणूस बसलेला, वळणावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळते, तेथे जोर लागतो खालच्या फेऱ्यांत. तोच तू काढून टाकशील. दादा पाठीमागे तांदळाचे पोते बांधून हिला वर नेत असे, आणि ही एखाद्या बैलाप्रमाणे मान खाली घालून चढे. तिचा तो स्वभाव आहे. शर्यतीच्या घोड्याचा स्वभाव तिच्यात घालशील, तर ती घोडीही होणार नाही आणि बैलही राहणार नाही."

पुतण्या गप्प राहिला. हिशेब त्याला पटला असावा, कारण त्याने खिशातून कागद काढून त्यावरची एक ओळ खोडलेली मी पाहिली. मग मात्र त्याने विषयाचे दुसरे टोक धरले. "चढाचे तुम्ही सांगितलेत, आता उताराचे मी सांगतो. चिखलदऱ्याहून खाली येताना मूठ बंद करून गाडी गिअरवर सोडली, तर या जातीचे इंजिन तिला फारसे अडवीत नाही. आणि तेल पेट्रोलमध्येच असल्यामुळे मूठ बंद म्हणजे वंगणही बंद, चाके मात्र इंजिनाला गरगर फिरवीत असतात. पिस्टन धरतो तो अशा वेळी. म्हणजे सारा भार ब्रेकवर, आणि ब्रेक १९६८ चे."

"म्हणूनच तर दादा उतारावर मधूनमधून मूठ किंचित उघडी," काका हळूच म्हणाले. "दर वळणाअलीकडे एकदा. खाली रस्त्यावर उभे राहिले की तो येत असल्याचे त्या थांबून थांबून येणाऱ्या आवाजावरून कळे. आई चहाचे आधण ठेवी."

यावर कोणीच काही बोलले नाही. मिस्त्रीने स्टोव्हवर चहा ठेवला.

चहा घेऊन झाल्यावर काकांनी आपण होऊन सांगितले, की ब्रेकची हरकत ते मागे घेतात. मात्र मूळ ड्रम, मूळ हब, मूळ रिम आणि पुढचा काटा, सगळे ग्रीज लावून, गोणपाटात बांधून, घरच्या माळ्यावर ठेवले जाईल, आणि नवा ब्रेक असा बसवावा की सांगाड्यावर वेल्डिंगचा एक ठिपकाही पडू नये. त्यांच्या या औदार्याने पुतण्याला धीर आला आणि त्याने क्रँकच्या तेलरोधक सीलांचा प्रश्न काढला, जो प्रश्न माझ्या मते त्या दुपारचा सर्वांत मार्मिक होता. क्रँकची कोठडी हवाबंद असली पाहिजे. तिच्या दोन टोकांना बसणारी ही रबराची कडी झिजली, तर एका बाजूने फाजील हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन तापून धरतो. दुसऱ्या बाजूने गिअरचे तेल आत ओढले जाते आणि गाडी पांढऱ्या धुराचा लोट सोडत चालते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या जातीच्या रबराला ते मानवत नाही. रबर फुगते, मऊ पडते, सुटते. "तेव्हा काका," पुतण्या म्हणाला, "तुमच्या मूळ रूपाच्या आग्रहाने जर मूळ जातीचेच सील घातले, तर मूळ इंजिन जाईल. इंजिन वाचवायचे तर सील आजचे, इथेनॉलला टिकणारे घालावे लागेल. म्हणजे जुने राखण्यासाठी नवे घ्यावे लागते, ही गोष्ट तुम्हीही टाळू शकत नाही."

काकांनी ती गोष्ट कबूल केली. पण ती करताना त्यांच्या चेहऱ्यावर पराभवाची छटा नव्हती, एखादी अवघड मोजणी जमल्याचे समाधान होते.

कायद्याची गोष्ट निघाली तेव्हा दोघांचीही बाजू सारखीच लंगडी पडली. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ असे सांगते, की नोंदणीच्या दाखल्यात उतरलेल्या आणि कारखानदाराने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. उलट, जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिने ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या आणि सांगाडा, कवच वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळ्या नोंदणीचा मान दिला, २०,००० रुपये शुल्क आणि 'व्हीए' अक्षरांची पाटी यांसह. पण त्याबरोबर अशी अटही घातली, की ती गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणावी, नित्याच्या वापरासाठी नव्हे. म्हणजे काकांच्या मार्गाने गेले तर गाडीला प्रतिष्ठा मिळते आणि घाट दुरावतो; पुतण्याच्या मार्गाने गेले तर घाट मिळतो आणि परवानगीचा अर्ज घेऊन अमरावतीस खेटे घालावे लागतात. मला स्वतःला हा नियम अर्धवट न्यायाचा वाटतो. ज्या वस्तूचा सारा अर्थ चालण्यात आहे, तिला उभी करून मान द्यायचा, हा मान मला पटत नाही. तरी जुन्या नोंदणीचे नूतनीकरण करून, पासिंग घेऊन, साध्या गाडीप्रमाणे तिला वागवण्याचा मार्ग मोकळा आहे, आणि शेवटी दोघांनी तोच पत्करला.

आता मूळ दुखणे वर आले. मिस्त्रीने खाटेवरची टाकी उलटी करून तिच्या डाव्या कुशीवरचा पोचा दाखवला आणि विचारले, "हा काढू ना?" पोचा तळहाताएवढा होता, त्याच्यावर निळ्या रंगाचे दोन थर, खाली मूळचा लालसर तपकिरी. मागच्या बाजूला सांगाड्याला वेल्ड केलेले एक लोखंडी कॅरिअर होते, वेडेवाकडे, पण भक्कम.

"काढ," काका म्हणाले. "निळा रंगही काढ, कॅरिअरही काप. म्हैसूरला ते नव्हते."

"म्हैसूरला नव्हते, पण दादांजवळ होते," पुतण्या म्हणाला, आणि त्याचा आवाज प्रथमच चढला. "निळा रंग माझ्या बाबांनी स्वतः दिला, मी लहान असताना, वाड्यातल्या निंबाखाली. कॅरिअर शाळेच्या पाट्या-पुस्तकांचे गठ्ठे नेण्यासाठी करून घेतले. पोचा घाटात पडले तेव्हाचा. मी टाकीवर पुढे बसलो होतो आणि त्यांनी मला वाचवायला गाडी सोडून दिली. काका, तुम्ही मला मूळ रूप बदलू नको म्हणता. पण तुम्ही म्हैसूरच्या नावाने जे पुसायला निघालात, ते माझे मूळ रूप आहे. मला आधुनिक ब्रेक हवा आहे हे खरे, पण हे तीन बदल मला जसेच्या तसे हवेत."

मी त्या क्षणी काकांकडे पाहिले. आयुष्यभर शेताच्या बांधांवरून भाऊबंदांची भांडणे ऐकलेला तो माणूस, स्वतःच्या भावाच्या मुलाचे हे बोलणे ऐकून, बराच वेळ टाकीच्या पोच्यावरून अंगठा फिरवीत बसला. मग म्हणाला, "गाविलगड किती वेळा पाहिलास?"

"कितीदा तरी. का?"

"बहामनी अहमदशहाने तो १४२५ च्या सुमारास उभारला असे सांगतात. १४८८ मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्कने त्याची मोठी मरम्मत केली; आपले अचलपूर, तेव्हाचे एलिचपूर, इमादशाहीची राजधानी झाले ते त्यानंतर. पुढे १५७७ मध्ये किल्लेदार बहरामखानाने बुरूज दुरुस्त केला. मग तो गड कोणाचा? मूळ रूप कोणते? मीच मघापासून १४२५ चा धरून बसलो होतो."

"मग माझेच म्हणणे खरे झाले," पुतण्या म्हणाला. "बदलत गेला म्हणूनच तो टिकला."

"अर्धे खरे झाले. बहरामखानाने बुरजावर शिलालेख कोरून ठेवला आहे, ज्याच्या अक्षरांचे अंक जुळवले की हिजरी ९८५ हे वर्ष निघते. त्याने बदल केला आणि कबूल केला. आज आपण त्याचे काम वेगळे काढू शकतो, पहिल्याचे वेगळे काढू शकतो, ते या लेखामुळे." काका किंचित पुढे सरकले. "तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना सहा म्हणून वही असते. तिचे नावच फेरफार. जमीन विकली, वाटणी झाली, माणूस मेला आणि वारस लागला, की नोंद त्या वहीत. फेरफार हा गुन्हा नव्हे. तो रोजचा शिरस्ता आहे. नोंद करायची, संबंधितांना नोटीस द्यायची, १५ दिवस हरकतीची वाट पाहायची, आणि मग मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची. जुनी नोंद कंसात जाते, पण वाचता येते. माझ्या सबंध नोकरीत मी एकही नोंद खरवडून काढलेली नाही, आणि आज सकाळपासून मी दादाच्या तीन नोंदी खरवडायला बसलो होतो."

पुतण्याने खाली मान घातली. मग काही वेळाने, जणू आपल्याही बाजूने काही देणे आहे अशा स्वरात, म्हणाला, "पोर्टांना मी हात लावणार नाही. ते खरवडणेच झाले असते."

दुकानाच्या फळीवर लेथच्या हिशेबाची एक जाड वही होती. काकांनी ती मिस्त्रीकडून मागून घेतली, मागच्या कोऱ्या पानावर पट्टीने रकाने आखले आणि वळणदार दफ्तरी अक्षरात नोंदी लिहू लागले: अनुक्रमांक, फेरफाराचे स्वरूप, काढलेला भाग, तो कोठे ठेवला, कोणी केला, सही. पहिल्या तीन नोंदी दादांच्या नावावर पडल्या, अंदाजाने साल घालून: निळा रंग, कॅरिअर, पोचा. चौथी तेलरोधक सीलांची. पाचवी १२ व्होल्टच्या तारांची, मूळ डायनामो माळ्यावर. सहावी पुढच्या ब्रेकची, मूळ हब व काटा माळ्यावर. पुतण्या प्रत्येक नोंदीखाली सही करीत गेला. किकच्या दांड्याशी ते आले तेव्हा मिस्त्रीने तो हातात घेऊन आम्हांला दाखवला. गिअरचा दांडाच आत दाबून उभा फिरवला म्हणजे किकचा दांडा होतो, ही या गाडीची जगावेगळी सोय. "याले तं कोणी हात लावू नका बाप्पा," तो म्हणाला, आणि काकांनी तसे रकान्यात लिहिले: फेरफार नाही.

रंगाचा प्रश्न मात्र सुटला नाही. निळा राखावा तर तो जागोजाग उडालेला, गंज धरलेला. पुन्हा निळा द्यावा तर तो दादांच्या हातचा राहत नाही. मूळचा तपकिरी द्यावा तर निळा झाकला जातो. दोघेही एकमेकांच्या बाजूने बोलू लागले. काका म्हणू लागले निळा, पुतण्या म्हणू लागला तपकिरी. अखेर काकांनी नवे पान उलटले आणि वर लिहिले, नमुना सहा-अ, जो विवादग्रस्त प्रकरणांसाठी असतो. खाली टाकी, रंग, दोन्ही पक्षांची हरकत, मुदत १५ दिवस.

मिस्त्रीने टाकी स्वच्छ फडक्यात गुंडाळली, पोच्याची बाजू वर ठेवून सर्वांत उंच फळीवर चढवली, आणि ब्लॉकच्या भिंतीला बोटाने तेल लावून त्याच्या तोंडावर कागद बांधला. बाहेर घाटातून उतरणाऱ्या गाड्यांचे दिवे लागले होते.